चंद्रीची भूक आणि माझं चूर्ण

५ नोव्हेंबर १९८९, रविवार

चंद्री आली. धरणगावकडून टेम्पोत उभ्याने. उतरताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. नवी जागा, नवा माणूस. चालायचंच.

हकिकत थोडक्यात लिहून ठेवतो. सासरे आधारनाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला गेलेत. ऑपरेशननंतर सहा आठवडे धूळ, वाकणं, ओझं, सगळं बंद. तोवर मुक्काम धुळ्यातच, त्यांच्या मुलाकडे, म्हणजे पुनाकडे. घोडीचं काय, असा विषय निघाला तेव्हा मी होऊन म्हटलं, आमच्याकडे पाठवा. जळगावला पिंप्राळ्यात घरामागे पत्र्याची शेड आहे, मोकळी जागा आहे, आणि मुख्य म्हणजे मी गुरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं नोकरीला आहे. आवक-जावक टेबलावर आहे हे खरं, पण जनावरांच्या रोगांची जेवढी नावं माझ्या हाताखालून गेली तेवढी डॉक्टरांच्याही गेली नसतील.

नानांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बायकोकडे, लिलाकडे बघून म्हणाले, "तू शेस ना तठे?" लिला म्हणाली, आहे. मग हो म्हणाले. त्यांना मुलीची आठवण येत असावी.

१७ डिसेंबरला पुनाच्या मुलाचं, मगनचं लग्न. वरात अर्थात चंद्रीवरून. तोपर्यंत घोडी नुसती सांभाळायची नाही, चमकवायची. नाना अकरा वर्षं मला 'कागदवाले जावई' म्हणतात. आता बघू.

६ नोव्हेंबर

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून स्वतः खरारा करणे.

साडेसातला जाग आली. खरारा लिलाने केला होता. मी देखरेख केली.

७ नोव्हेंबर

निरीक्षण. घोडी खात नाही. म्हणजे तोंड लावते, कडबा बराच वेळ चघळते, मान तिरकी करते आणि ओला गोळा खाली टाकून देते. हरभरा दिला तर अर्धा बाजूने सांडतो. शेडमध्ये ओल्या गोळ्यांचा सडा.

लिला म्हणाली, डॉक्टरसाहेबांना दाखवू या. आमचे डॉ. भंगाळे. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्यासाठी साहेबांना कशाला? घरचा माणूस असताना?

ती म्हणाली, "बरं." लिलाचा एक गुण आहे, फार वाद घालत नाही.

माझं निदान: अग्निमांद्य. भूक मेली आहे.

८ नोव्हेंबर

योग कसा असतो पाहा. रद्दीच्या दुकानात घोड्यांच्या औषधांचं जुनं पुस्तक सापडलं. कव्हर नाही, पहिली सोळा पानंही नाहीत. पान १७ सुरूच असं होतं: '...म्हणून घोड्यास भूक लागत नाही.' अंगावर काटा आला.

त्यात वाळवलेल्या वनस्पतींवर स्वतंत्र प्रकरण आहे. ओवा, बडीशेप, पुदिना, मेथी, सुंठ, काडेचिराईत. सगळं सावलीत वाळवून कुटायचं आणि खाण्यात द्यायचं. पचन सुधारतं, भूक वाढते, अंगावर तकाकी येते. घोडा हाका मारतो, असंही लिहिलंय.

एकच अडचण. मापं 'पल' आणि 'कर्ष' यांत दिली आहेत. त्यांचा तक्ता बहुधा गेलेल्या सोळा पानांत असावा. अंदाजाने एक पल म्हणजे एक मूठ धरली. कोणाची मूठ ते लिहिलेलं नाही. माझी धरली.

११ नोव्हेंबर, शनिवार

बाजारात गेलो. जडीबुटी घेऊन बसणाऱ्या बायांमध्ये मोतीबाई म्हणून एक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून येते. समोर पाल्याचे, सालींचे, मुळ्यांचे ढीग. यादी वाचून दाखवली. तिने विचारलं, कोणाला पाहिजे? म्हटलं, घोडीला, भूक लागत नाही.

"तोंड पाहिलं का तिचं?"

मी म्हटलं, रोज पाहतो. लांबट आहे, कपाळावर पांढरा चंद्र आहे, म्हणून तर नाव चंद्री.

शेजारची बाई हसायला लागली. मोतीबाई हसली नाही. "आतून, भाऊ," म्हणाली.

मी तिला समजावून सांगितलं की बिघाड पोटात आहे, तोंडात नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओवा ने, बडीशेप ने. थोडं थोडं दे. चिराईत एवढं नको, फार कडू होतं. जनावर तोंड लावणार नाही."

माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला असं बोलून कसं चालेल? चिराईत दुसरीकडून घेतलं. भरपूर.

१३ नोव्हेंबर

पुदिना आणि मेथी अंगणातल्या बाजेवर वाळत घातली. वर लिलाची जुनी साडी टाकली. ऑफिसात दिवसभर मन लागलं नाही. एका आवक पत्रावर जावकचा शिक्का मारला. दुरुस्त केला.

१४ नोव्हेंबर. सकाळी आठ

बाज रिकामी. शेजारच्या ताईबाईंच्या शेळीने सगळा माल खाल्ला. साडीचा काठसुद्धा.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

ताईबाई भांडायला आल्या. शेळी सकाळपासून वेड लागल्यासारखी खात सुटली आहे, असं त्यांचं म्हणणं. आधी त्यांची मेथीचा वाफा, मग शेवग्याचा पाला, मग दारावरचं आंब्याचं तोरण. "तुम्ही काय घातलं तिच्यात?" असं विचारत होत्या.

मी त्यांना शांतपणे सगळे तपशील विचारले आणि लिहून घेतले. किती वाजता सुरुवात झाली, काय काय खाल्लं, लीद कशी होती. त्या आणखी चिडल्या, म्हणाल्या, शेळीला लेंड्या असतात. दुरुस्त केलं.

निष्कर्ष: औषध गुणकारी आहे. प्राणी चुकला.

१६ नोव्हेंबर

दुसरा घाणा तयार. लिलाच्या खलबत्त्यात कुटला. तिने खलबत्ता परत स्वयंपाकघरात घेतला नाही, म्हणाली आता तुमच्याकडेच राहू द्या. बाटलीवर ऑफिसच्या अक्षरात लेबल लावलं: 'अश्वक्षुधा. दिवसातून दोन वेळा.'

तोबऱ्यात हरभऱ्यावर एक पल, म्हणजे माझी एक मूठ, टाकून पुढे केली. चंद्रीने हुंगलं आणि शिंकली. सगळं चूर्ण माझ्या डोळ्यांत. लिलाने तांब्याभर पाण्याने डोळे धुतले. धुताना तिचे खांदे हलत होते. सर्दी असावी.

१७ नोव्हेंबर

विचार केला, जनावर अनुकरण करतं. आधी आपण खाऊन दाखवावं. तिच्यासमोर उभं राहून चमचाभर चूर्ण तोंडात टाकलं आणि आवडल्यासारखा चेहरा केला. चिराईत जिभेवर बसलं ते दुपारपर्यंत उतरलं नाही. चंद्री बघत राहिली. खाल्लं नाही. पण बघितलं!

१९ नोव्हेंबर, रविवार

रोज दोन वेळा खाऊन दाखवतो आहे. एक गोष्ट लक्षात आली. मला भूक फार लागते. काल रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी होती. चार भाकरी झाल्यावर लिलाने विचारलं, आणखी? म्हटलं, घाल. सहा झाल्या. काल रात्रीचं उरलेलं भरीत आज सकाळी बघायला गेलो तर लिला म्हणाली, तुम्हीच संपवलं. आठवत नाही.

पँटचं वरचं बटण लागत नाही. धोब्याने आटवली असणार.

म्हणजे दोन प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाला. तिसरा बाकी.

आज नानांना इनलँड पाठवलं. ते काळजी करत असतील. लिहिलं: 'चंद्रीची प्रकृती उत्तम. मी स्वतः तयार केलेल्या वनौषधी चूर्णामुळे अन्नावर नुसती तुटून पडते.' यात थोडा पुढचा काळ आहे, पण पत्र पोचेपर्यंत खरं होईलच.

२१ नोव्हेंबर

विजय!

चूर्णात गूळ कालवून लाडू केला. चंद्रीने चाटला. बराच वेळ चाटला. गूळ संपल्यावर चूर्णाचा कोरडा गोळा तिने माझ्या हातावर परत ठेवला, पण थोडं पोटात गेलंच असेल.

उद्यापासून गूळ दुप्पट.

२३ नोव्हेंबर

लिलाने परत विषय काढला. घोडीच्या फासळ्या दिसायला लागल्यात, डॉक्टरांना आणा. मी सांगितलं, साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर आहेत, सोमवारपर्यंत येणार नाहीत. हे खरं होतं. त्यामुळे बोलताना आवाज चांगला लागला.

फासळ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. अंग सडपातळ होत आहे. रेसच्या घोड्यांचं असंच असतं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

साहेब आले. ऑफिसात समोरासमोर भेटले. विचारलं, "काय वाल्मीकराव, तब्येत सुधारली?" मी म्हटलं, चूर्ण चालू आहे, गूळ घालून देतो. म्हणाले, "तुमची म्हणतोय." सांगायला गेलो तेवढ्यात कोणीतरी आजारी वगार घेऊन आलं. राहून गेलं.

गंमत म्हणजे घोडी संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा शांत असते. पोट भरल्यासारखी. सकाळचा चूर्णाचा डोस संध्याकाळपर्यंत काम करतो, असा याचा अर्थ. पुस्तकात हे नाही. स्वतंत्र शोध म्हणून नोंद करतो.

३० नोव्हेंबर

लिला उद्या धुळ्याला जाणार. नानांना भेटून रविवारी सकाळी परत येते म्हणाली. सामान भरताना मला सारखी सांगत होती, दुपारी सुटी घ्या आणि भिजवलेली डाळीची चुनी घाला. मी म्हटलं, चुनी जड असते, तिच्या अग्नीला झेपणार नाही. ती म्हणाली, "तरी घाला." मी हो म्हटलं. उगाच जाताना वाद नको.

१ डिसेंबर

चुनी घातली नाही. शास्त्रशुद्ध प्रयोग करायचा तर बाकी सगळं बंद पाहिजे. फक्त कोरडा कडबा आणि चूर्ण. डोस दोन पल.

संध्याकाळी घोडी अस्वस्थ. आज तिने कडबा थोडा गिळला. भूक उघडली!

२ डिसेंबर

डोस तीन पल. भरपूर गूळ. कडबा गिळते आहे, चावत फारशी नाही. इतकी भूक लागली असावी की चावायलाही दम नाही.

लीद सकाळपासून दिसली नाही. पचन पूर्ण होत असावं, काही वायाच जात नाही.

३ डिसेंबर, रविवार. सकाळी सात

घोडी बसली आहे. उठते, पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे बघते आणि परत बसते. अंगाला घाम आहे, थंडी असून.

सव्वासात

ती लोळते आहे. पुस्तकात बघितलं. 'पोटशूळ. लक्षणे: घोडा कुशीकडे पाहतो, लोळतो. उपचार: पान ९ पाहावे.'

पान ९.

साडेसात

लिला आली. पिशवी दारातच टाकून शेडमध्ये गेली. घोडीच्या पोटाला कान लावला. मला विचारलं, "चुनी घातली होती?" मी म्हटलं, शास्त्रशुद्ध प्रयोग. ती चप्पल न घालता रस्त्याला लागली. मी हाक मारून म्हटलं, मी जातो. ती मागे वळून म्हणाली, "तुम्ही तिला लोळू देऊ नका. चालवा." तिचा असा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

संध्याकाळी पाच

आता लिहू शकतो. 

दीड तास मी चंद्रीला अंगणात फिरवलं. ती मधेच गुडघे टेकायची आणि मी दावं ओढून रडत म्हणायचो, चल बाई, चल. ताईबाई धावत आल्या. मागच्या शेळीवरून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या बाजूने लगाम धरला आणि माझ्यासोबत फिरत राहिल्या.

डॉ. भंगाळे राजदूत फटफटीवरून आले, मागे लिला. त्यांनी सुई दिली. मग नाकातून लांब रबरी नळी घालून पोटात तेल सोडलं. मला म्हणाले, नळी धरा. धरली. माझ्याकडे बघून म्हणाले, डोळे उघडे ठेवून धरा.

साडेअकराला चंद्रीने लीद टाकली. आम्ही सगळे तिथे उभे होतो, आणि लिला त्या लिदेकडे बघून रडायला लागली. मीसुद्धा.

मग साहेबांनी तिचं तोंड उघडून आत टॉर्च मारला. मला म्हणाले, "या, बघा." बघितलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या धारदार झालेल्या. गाल आतून कापलेले, पांढऱ्या जखमा. चावलं की गालात घुसतं, म्हणून ती गोळा करून टाकायची. भूक होती. महिनाभर होती. खाता येत नव्हतं.

साहेबांनी मोठी कानस आणून दाढा घासल्या. घासताना खर्र खर्र आवाज येत होता. चंद्री डोळे मिटून उभी. माझे दात दुखायला लागले.

मी विचारलं, चूर्णामुळे झालं का? खरं काय ते ऐकायची तयारी केली होती. साहेब म्हणाले, "न चावलेला कोरडा कडबा आतड्यात अडकला. ओवा-बडीशेपेने घोडा मरत नाही, वाल्मीकराव. कधीमधी बरंच वाटतं त्याला. पण बाटलीकडे बघता बघता तुमचं तोंडात बघायचं राहिलं."

मग हात धुताना म्हणाले, नाना दरवर्षी दाढा घासून नेतात, या वर्षी पत्रही लिहिलं होतं असं लिलाबाई वाटेत म्हणाल्या, मला काही मिळालं नाही.

४ डिसेंबर, सोमवार

पत्र मिळालं.

आवक क्रमांक १८४३, दिनांक १ नोव्हेंबर. पुनाच्या अक्षरात, खाली नानांचा अंगठा. 'घोडी जळगावास जावयाकडे येत आहे. तिच्या दाढा घासण्याची वेळ झाली आहे, कृपा करून पाहावे.' वर माझा शिक्का. माझी सही. 'संकीर्ण' फाइलमध्ये नीट लावलेलं, भोकं मधोमध.

आवक कारकुनाचं काम पत्र नोंदवणं आहे, वाचणं नाही. हे कोणीही सांगेल.

दुपारी डबा उघडला नाही. पत्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि मीच लावलं होतं म्हणून सांगितलं. त्यांनी पाहिलं, परत माझ्याकडे दिलं. म्हणाले, फाइल करा.

५ डिसेंबर

लिला बोलत नाही. जेवायला वाढते, पण बोलत नाही. भूक लागत नाही. चूर्ण बंद केलं म्हणून नव्हे, परवाचं बघितल्यापासून.

चंद्री खाते. भिजवलेली चुनी, हिरवा घास. खाताना आवाज येतो. मी शेडबाहेर उभा राहून ऐकतो. आत गेलं की ती थांबते.

६ डिसेंबर

सकाळी दोघं विहारात जाऊन आलो. येताना लिला स्वतःहून बोलली. मला वाटलं, पत्राबद्दल बोलेल. ते नाही.

म्हणाली, तुम्हाला माहीत आहे का नानांनी घोडी का घेतली. मला वाटायचं, हौस. नानांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या खेड्यात आपल्या वस्तीतल्या नवरदेवाला कोणी घोडी देत नसे. नाना पायी गेले. वाटेत लोक बघत होते. त्यानंतर तीन वर्षं मजुरी करून त्यांनी चंद्रीची आजी घेतली. तेव्हापासून वस्तीतला एकही नवरदेव पायी गेला नाही. "तुम्हीपण नाही," ती म्हणाली. ती घोडी चंद्रीची आई होती. मी आयाळ घट्ट धरून बसलो होतो आणि फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, एवढंच मला आठवतं.

मग ती म्हणाली, पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की सुकं चावत नाही. तुम्ही ऑफिसात गेलात की दुपारी चुनी भिजवून घालत होते. भाकरीही भिजवून.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती चालता चालता म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही लिहीत होतात."

माझ्या स्वतंत्र शोधाबद्दल २७ तारखेला लिहिलंय ते खोडणार होतो. खोडलं नाही. राहू दे.

१० डिसेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. एकटा. सगळं सांगायचं ठरवून. एस.टी.त चार पानं लिहिली: प्रास्ताविक, कारणं, पत्राचा मुद्दा, क्षमा. पारोळ्याच्या पुढे परत वाचली तर कारणांचीच अडीच पानं झाली होती. दोन फाडली.

नाना पुनाच्या ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. पाया पडलो. पानं काढली आणि सुरुवात केली, नाना, माझ्याकडून एक...

ते म्हणाले, "घोडी खास ना आते?"

म्हटलं, हो, खाते. पण नाना, माझ्याकडून...

"मंग बठ्ठं झायं," म्हणजे मग सगळं झालं, असं म्हणाले आणि पुनाच्या बायकोला माझ्यासाठी चहा सांगितला.

मी तरी थांबलो नाही. पत्राचं सांगितलं, चूर्णाचं सांगितलं, तीन पल सांगितले. ते मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, तुमचं इनलँड आलं तेव्हाच कळलं होतं. पुनाने वाचलं, 'अन्नावर तुटून पडते.' चंद्री कधीच तुटून पडत नाही. लहानपणापासून निवडून निवडून खाते. म्हणजे तुम्ही घोडीकडे बघून लिहिलेलं नाही, असं त्यांना वाटलं. लगेच लिलाला कार्ड टाकलं की भिजवून घाल. तिने उलट कळवलं, घालतेच आहे.

म्हणजे महिनाभर सगळ्यांना सगळं माहीत होतं. धुळ्यालासुद्धा.

मी विचारलं, रागावला नाहीत? त्यांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, गेल्या रविवारी तिला फिरवलं कोणी, लिला तर डॉक्टरकडे गेली होती. म्हटलं, मी, आणि ताईबाई. किती वेळ? म्हटलं, दीड तास.

"हां," म्हणाले. बस.  चहा आला.

राहिलेली दोन पानं परतीच्या एस.टी.त खिडकीतून उडून गेली. उडवली नाहीत. वाचायला काढली होती.

१४ डिसेंबर

चंद्रीच्या फासळ्या दिसत नाहीत. माझी पँट अजून लागत नाही. धोब्याला बोललो. तो म्हणाला, साहेब, मी तुमचे कपडे दोन महिन्यांत पाहिलेलेच नाहीत.

१७ डिसेंबर, रविवार

लग्न झालं. नानांच्या गावीच. लिहूनच झोपतो.

मला वाटत होतं, लगाम माझ्या हातात देतील. लगाम लिलाने धरला. मगन पांढरा फेटा बांधून चंद्रीवर बसला, आणि ती निघाली तेव्हा नाना काळ्या चष्म्यात, पुनाच्या खांद्यावर हात ठेवून, तिच्या टापांच्या आवाजाकडे कान देऊन चालत होते. वस्तीतून निघालेली वरात मोठ्या रस्त्याने गावभर फिरली. कोणी काही बोललं नाही. आता बोलत नाहीत. पण नाना एका घरासमोर क्षणभर थांबले. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे कळण्याइतका मी सुधारलो आहे.

माझ्याकडे वरातीत पाण्याच्या पिंपाचं काम होतं. नीट केलं. कोणाला दोनदा मागावं लागलं नाही.

मांडवात सत्कार झाला. माइकवरून पुकारलं, 'घोडीची सेवा करणाऱ्या लिलाबाई, आणि त्यांचे यजमान.' नाव नाही घेतलं. यजमान म्हणून वर गेलो. लिलाच्या हातात श्रीफळ दिलं, माझ्या गळ्यात शेवंतीचा हार घातला. जड होता, ताजा होता.

मांडवाच्या कडेला चंद्री बांधलेली होती. तिच्या समोरून जात होतो. तिने मान लांब केली, हार हुंगला आणि खायला सुरुवात केली. माझ्या गळ्यातच.

सगळा मांडव हसला. डॉ. भंगाळे खुर्चीतून उठून हसले. नानांनी विचारलं, काय झालं? लिलाने त्यांच्या कानाशी सांगितलं. नाना इतके हसले की पुनाला त्यांचा चष्मा धरावा लागला.

कोणीतरी म्हणालं, मागे व्हा. मी झालो नाही. महिनाभर मी तिला काय काय खायला घातलं, आणि माझ्याकडचं तिने मनापासून खाल्लेलं हे पहिलं. चावण्याचा आवाज अगदी कानापाशी येत होता. नीट, सावकाश, दोन्ही बाजूंच्या दाढांनी.

फुलं संपली तेव्हा दोरा तिच्या तोंडात जायला लागला. दोरा पोटात गेला तर आतड्यात अडकतो. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून हळूच ओढून घेतला. तिने तोंड उघडून दिलं.

आत बघूनही घेतलं. सगळं ठीक आहे.